पांढरी नथ

घटावरची नथ पांढरी पडली, तेव्हा माझ्या सासूबाईंना आनंद झाला.

सातव्या माळेची सकाळ होती. त्या माळ बांधायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. नारळाला अडकवलेली देवीची नथ त्यांच्या आजेसासूच्या काळची, अस्सल सोन्याची. मोती जागच्या जागी होते, पण तार पार पांढरी झाली होती, कथलाची असावी तशी. त्यांनी हात जोडले.

"आईनं सोन्याचं रुपं केलं गं," त्या म्हणाल्या. "निवली ती. आता तुह्या लेकराला भ्या न्हाई."

मी दिव्यापाशी चटईवर बसले होते, भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून. सातवा महिना लागला होता. मलाही आनंद व्हायला हवा होता, पण तोंडात तांब्याचा पैसा चघळल्यासारखी चव होती, हिरड्या ठणकत होत्या आणि डोकं असं भडकलेलं होतं की 'गप्प बसा हो' असे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. मी ते गिळले. उपासाचं पित्त, दुसरं काय, असं स्वतःला समजावलं.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांचं नाव कुशावर्ता. जीभ कडक आणि हात सढळ. त्या लगबगीने शेजारणींना बोलवायला गेल्या, जाताना दारावरचं घोंगडं नीट ओढून घेतलं, म्हणजे वारा आत यायला नको. मी एकटीच त्या नथीकडे बघत बसले. सोनं पांढरं कशाने पडतं, हे आमच्या हिंगणझरी गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्या क्षणी ते मला आठवलं नाही. या विषाची खोडच तशी आहे. ते आधी डोक्यात शिरतं, मग हातापायांत.

आमच्या गावाची गोष्ट तुम्ही बातम्यांत बघितली असेल. 'पारा पिणारा जोंधळा' म्हणून दाखवायचे, मागे सनईसुद्धा लावायचे. तो काही पारा पीत नाही. उलट सोडतो. पण बातमीवाल्यांना कोण सांगणार.

गावाच्या वरच्या अंगाला माझ्या जन्माच्या आधी कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. साबणाला, कागदाला हा सोडा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तो करत, आणि त्या जुन्या पद्धतीत खाली पारा ठेवावा लागे. हा पारा वर्षानुवर्षं थोडाथोडा सांडत राहिला, ओढ्याने खाली येत राहिला. कारखाना बंद पडला, मालक गेले, पारा राहिला. आपण म्हणतो पारा उडून जातो, पण मातीत मुरलेला पारा उडत नाही. तो मातीतल्या दुसऱ्या द्रव्यांशी लग्न लावून बसतो आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच नांदतो. पिकांत उतरतो, दुधात उतरतो. आमच्या गावात मुली द्यायला लोक तयार नव्हते. मला कशी दिली, तर मीच ऐकलं नाही. गहिनीनाथ माझ्याबरोबर अंबाजोगाईला कॉलेजात होता.

मग पुण्याच्या संस्थेतून पेठकर मॅडम आल्या. धातू शोषणारी झाडं पूर्वीही होती, पण ती धातू पानांत साठवून ठेवत. मग ती पानं टाकायची कुठे, हा प्रश्न उरायचाच. मॅडमनी वेगळं केलं. पाऱ्यातच राहणारे काही सूक्ष्मजीव असतात, त्यांना पारा आणि मातीचा काडीमोड करून द्यायची विद्या येते. ती विद्या त्यांनी जोंधळ्याच्या बीजात घातली. मुळं पारा ओढून घेतात, त्याला सोडवतात, आणि मोकळा झालेला पारा पाण्याबरोबर खोडातून वर चढून पानांच्या छिद्रांतून वाफ होऊन निघून जातो. कापायला नको, पुरायला नको. वारा घेऊन जातो.

"म्हणजे आमची घाण हवेत," गहिनी पहिल्याच ग्रामसभेत म्हणाला होता.

"हो, हवेत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण आभाळ मोठं असतं."

त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. वाऱ्यावर विरलेला तो पारा इतका थोडा होता की शिवारात उभ्या केलेल्या खांबांवरच्या यंत्रांनाही तो मुश्किलीने सापडायचा. या यंत्रांना गावात हुंगे म्हणतात, आणि हुंग्यांची बाई म्हणजे मी. हुंग्याच्या पोटात सोन्याची बारीक तार असते. सोन्याला पाऱ्याची भारी ओढ, हवेतला पाऱ्याचा कण दिसला की सोनं त्याला धरून ठेवतं. यंत्र ती तार तापवतं आणि किती पारा सुटला ते मोजतं. तार म्हातारी झाली की पांढुरकी पडते. अशा तारा काढून नव्या बसवणं हे माझं काम होतं.

जोंधळा वांझ होता. कणीस यायचं, दाणा भरायचा नाही. बी दर हंगामाला पुण्याहून गुलाबी रंग लावलेलं यायचं. चाऱ्यात मिसळू नये म्हणून खोडावर ओळखीची एक जांभळी रेघ उमटेल, अशीही सोय मॅडमनी केली होती. बांधाबांधावर पाट्या होत्या की हा जोंधळा खायचा नाही, जनावराला घालायचा नाही, जाळायचा नाही. घरात पेरायचा नाही, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरात जोंधळा कोण पेरतं? मॅडमच्या घरी घट बसत नव्हता, त्यांना सुचणार कुठून. माझ्या घरी बसत होता, आणि मला सुचलं नाही.

तीन हंगामांत आमचं वावर निम्मं निवळलं. सगळ्यात आधी आमचंच. आत्या बांधावर उभ्या राहून त्या जोंधळ्यावरून माहेरी आलेल्या लेकीसारखा हात फिरवायच्या.

दिवस राहिल्याचं कळलं तसं संस्थेने मला शिवारातून घरी पाठवलं. पोटुशी बाई पाऱ्याच्या रानात नको, असा नियम होता. आत्यांना तेच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी आमचं एक मूल पोटातच गेलं होतं. त्या वर्षी नवरात्रात पाचव्या माळेला खिडकीतून झुळूक आली आणि अखंड दिवा गेला, आणि दसऱ्यानंतर आठवड्याच्या आत बाळही गेलं. मी केमिस्ट्री शिकलेली. दिव्याचा आणि बाळाचा काही संबंध नाही, हे मला कळत होतं. पण आत्या तेव्हापासून मला नाही, स्वतःलाच बोल लावत होत्या. दिव्याजवळ त्या रात्री त्यांना डुलकी लागली होती.

म्हणून या वर्षी त्यांनी देवघराच्या खिडकीत गोधडीच्या चिंध्या कोंबल्या. झरोक्याला पोतं लावलं. दाराला घोंगडं. दिव्याची वात मोठी, तेल भरपूर. एका वेळी दोघींपैकी एकीने दिव्याजवळ बसायचंच. रानात जायचं नाही, स्वयंपाकाला वाकायचं नाही, फक्त आईजवळ बसून राहायचं, असं त्यांनी मला बजावलं. मला ते बरंच वाटलं. आयतं बसायला कुणाला नको असतं?

घटाला माती आपल्याच वावरातली लागते. परडीत माती आणली तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब केला. मातीतला पारा उडत नाही, हे मला तोंडपाठ होतं. हात धुतले की झालं. माती काळी, भुसभुशीत, वासालाही छान. आत्यांनी मधे पाण्याचा घट ठेवला, भोवती जोंधळा पेरला, वर नारळ ठेवला आणि नारळाला नथ घातली. कोंब असे तरारून आले की काय सांगू. अंधारातले कोंब पिवळेच येतात, हे तर सोन्यासारखे पिवळे आणि वीतभर उंच. ज्याच्या घरचा घट उंच त्याला वर्ष चांगलं, असं म्हणतात. आत्या दिवसातून दहादा मापून बघायच्या.

तर त्या सातव्या माळेला आत्या शेजारणींना आणायला गेल्या आणि मी घाम पुसायला पदर उचलला. हात थरथरत होता. दोनतीन दिवस तो थरथरत होता, मी त्यालाही उपासच म्हटलं होतं. दिव्याच्या उजेडात मंगळसूत्राची वाटी चमकायला हवी होती, ती चमकली नाही. मी वाटी जवळ धरून बघितली. कडेला पांढरट डाग. पदराने घासला, नखाने खरवडला. जाईना.

असा डाग मी शेकडो वेळा पाहिला होता. म्हाताऱ्या तारेवर.

मी उठले. कशी उठले मला आठवत नाही. घोंगडं बाजूला केलं आणि अंगणात निंबाखाली येऊन बसले. तोंड उघडून श्वास घेत होते, जणू आतला सगळा श्वास बाहेर टाकता येईल. पण आत घेतलेलं असं बाहेर टाकता येत नाही. ते रक्तातून जातं, आणि रक्त कुठे जातं ते सातव्या महिन्यातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. बाळाने पोटात पाय मारला. एरवी मी हसले असते. मला रडू आलं आणि रडतानाच मी गहिनीला फोन लावला.

मी घरी बसल्यापासून माझं काम तोच बघत होता. तो रानातून हातात धरायचा हुंगा घेऊन आला. अंगणात त्याने यंत्र चालू केलं, आकडा शून्याच्या आसपास होता. माजघरात गेला तसा आकडा चढला. मग घोंगडं सारून त्याने यंत्र धरलेला हात फक्त आत घातला. काचेवर आकडाच येईना, नुसती रेघ आली. यंत्र बिघडलं असं वाटून त्याने ते परत अंगणात आणलं, तिथे ते बरोबर चाललं. पुन्हा आत धरलं, पुन्हा रेघ. त्या यंत्राला मोजता येईल त्याहून जास्त होतं. गहिनी पायरीवर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की काखेत कळसा होता आणि आपण गावाला वळसा घालत होतो.

मी पेठकर मॅडमना फोन केला. माझं बोलणं त्यांनी मधे न थांबवता ऐकलं. माती किती, खोली केवढी, किती दिवस, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, नुसत्या मातीतून एवढं येणार नाही. पेरलंय काय?

"जोंधळा," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

मग त्यांनी भराभर सांगितलं की आत जाऊ नकोस, खिडक्या-दारं उघडायला लाव, दिवा असू दे की नसू दे, माती झाडू नका, तापवू नका, घट उघड्यावर आणा. मी निघालेच, असंही म्हणाल्या. मी बाळाचं विचारलं. त्यांनी लगेच जिल्ह्याला जाऊन रक्त तपासायला सांगितलं. ज्या बाईने आयुष्यात एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं, तिने प्रश्न टाळला, हे मला यंत्रावरच्या त्या रेघेहून भयंकर वाटलं.

एवढ्यात आत्या परत आल्या, मागे शेजारच्या लोचनाकाकू ओवाळणीचं ताट घेऊन. मला अंगणात बघून आत्यांचं तोंड उतरलं. दिव्यापाशी कोण आहे, हेच त्यांनी आधी विचारलं.

"कुणी नाही. आत्या, घटात जोंधळा कुठला पेरला?"

"कुठला म्हंजी? आपल्या वावरातला."

"आपल्या वावरात दाणा भरत नाही."

"पेरणीच्या टायमाला बियाच्या पिशवीतून काढून ठिवला व्हता," त्या म्हणाल्या. "गुलाबी रंग धुतला चांगला, तीन पाण्यानं. वावरात जे पिकतं तेच घटात घालायचं आसतं. दुकानातला दाणा घालून आईला फशिवती काय?"

त्यात चूक काय होती? काहीच नव्हती. त्यांच्या आईने, आजीने तेच केलं असतं. आणि जांभळी रेघ मला दिसली नाही, कारण ती रेघ ऊन लागल्याशिवाय उमटत नाही, आणि आम्ही ऊन-वारा दोन्ही कोंडून टाकलं होतं. मी त्यांना सांगितलं. जमेल तितकं सरळ सांगितलं. हा जोंधळा मातीतला पारा हवेत सोडतो, रानात त्याला वारा नेतो, इथे नेणारं कुणी नाही. नथीला बसला तो पारा आहे. माझ्या वाटीवर आहे तोही पाराच. आणि जे सोन्यावर बसलं ते आपल्या छातीतही बसलं असणार.

ऐकता ऐकता आत्या घराच्या दारात जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. गहिनी पुढे झाला तशा त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले.

"मागल्या खेपेला खिडकी उघडी राहिली," त्या म्हणाल्या. "वारा आला. दिवा गेला. आन मंग..."

मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली. आम्ही दोघी एकाच जिवासाठी भीत होतो, फक्त तोंडं उलट दिशांना होती.

"आत्या, मागल्या खेपेला दिवा गेला म्हणून बाळ गेलं का, ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण ह्या खेपेला दिवा राहिला तर जाईल, ते माहीत आहे."

मी माझा हात त्यांच्यापुढे धरला. तो थरथरत होता. मग चौकटीवरचा त्यांचा हात धरून माझ्या हाताशेजारी आणला. तोही तसाच थरथरत होता. गेल्या चार माळांपासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. डोळे गेले, चष्मा बदलायला झाला, असं त्या सारखं म्हणत होत्या. आता त्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या. लोचनाकाकूंच्या ताटातलं निरांजन शांत झालं.

मग आत्यांनी पदर खोचला. गहिनीला मागे सारलं. "तू भाईरच ऱ्हा," मला म्हणाल्या आणि आत गेल्या. खिडकीतल्या चिंध्या त्यांनी ओढून काढल्याचं मला ऐकू आलं, पोतं फाटल्याचंही. मग त्यांचा आवाज आला. माझ्याशी बोलायच्या तशाच रोजच्या आवाजात त्या देवीशी बोलत होत्या.

"ऊठ आई. दसऱ्यापस्तोर तुला हालवायचं नस्तंय, ठावं हाय मला. पर लेकराचं काम हाय. चल भाईर."

घट, माती, कोंब, नारळासकट परडी छातीशी धरून त्या बाहेर आल्या. लांब धरा, तोंडापासून लांब धरा, असं मी ओरडत होते. त्यांनी ऐकलं नाही. देवाला लांब कसं धरणार? मागून गहिनीने दिवा आणला. उंबऱ्यावर वारा लागला आणि दिवा गेला. गहिनी तिथेच थबकला, लहान मुलासारखा आईकडे बघत राहिला. आत्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या तोंडावरून काय गेलं ते मला सांगता येणार नाही.

"चल, म्होरं चल," त्या म्हणाल्या.

परडी उन्हात ठेवली गेली तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. तो फार वेळ टिकला नाही. लोचनाकाकू फाटकाशीच उभ्या होत्या, ताट तसंच हातात.

"कुशाबाई," त्या हळूच म्हणाल्या, "मह्या घटात बी ह्योच हाय ना? तुमीच दिल्ता."

मी म्हटलं ना, आत्यांचा हात सढळ. आमचं वावर पहिलं बरं झालं, तेव्हा त्या दाण्यात गुण आहे, असं त्यांना वाटलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांनी साऱ्या आळीत मूठमूठ वाटला होता. ओटीत घातला होता. आणि प्रत्येक घरात खिडक्या कोंडलेल्या, कारण दिवा सगळ्यांचाच अखंड. कुठल्या घरी बाळंतीण होती, कुठल्या घरी रांगतं मूल, ते मी एकेक करून डोळ्यांपुढे आणत गेले.

आळीत सांगायला आधी गहिनी गेला, त्याला दोन दारांतून हाकललं. माझं ऐकायचं तर प्रश्नच नव्हता, बीएस्सीवाल्या सुनेने ऐन नवरात्रात घट हलवा म्हणायचं? शेवटी आत्या निघाल्या. आपल्या घरचा दिवा गेलेली बाई दुसऱ्याच्या देवघरात पाऊल टाकत नाही, पण त्या गेल्या. शिव्या खाल्ल्या. एकीने तर आपल्या घरावर आलेलं दुसऱ्यांवर ढकलते, असं तोंडावर सुनावलं. आत्या प्रत्येक घरी तेच म्हणाल्या, ऊठ आई, लेकराचं काम हाय. दुपार कलायच्या आत आळीतल्या अंगणांतून घट मांडलेले होते आणि एकाही देवघरात दिवा नव्हता. पेठकर मॅडम माणसं आणि बंद पिंपं घेऊन पोचल्या तोवर उन्हाने कोंबांचा रंग पालटला होता. प्रत्येक कोंबावर जांभळी रेघ आली होती.

रक्तात पारा निघाला. माझ्या, आत्यांच्या, लोचनाकाकूंच्या नातवाच्या. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, त्यांनी लपवलं नाही. पाऱ्याची वाफ गर्भाच्या वारेतून आरपार जाते, म्हणाल्या, बाळापर्यंत पोचलीच असणार. किती, आणि त्याने काय केलं, ते सांगणारी तपासणी अजून निघालेली नाही. बाळ जन्मेल, मान धरेल, आवाजाकडे वळेल, बोलेल, तेव्हा हळूहळू तेच सांगेल. तोवर भीत राहायचं, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण दुसरं काय उरलं होतं?

चौकशी बसली. हुंगे आणि हातातलं यंत्र सगळं मोहोर लावून पुण्याला गेलं. जोंधळा मात्र गेला नाही. रानात तर त्याने काही वाईट केलं नव्हतं, जमिनी खरंच निवळत होत्या, आणि सरकारला दाखवायला तेवढं पुरे होतं. पाट्यांवर एक ओळ वाढली, घरात पेरू नये. रब्बीला तो आमच्या शिवारभर आणि आसपासच्या गावांतही पेरला गेला. माझ्या माहेरीसुद्धा.

मार्गशीर्षात मुलगी झाली. वजन जरा कमी, रंग छान, रडली लगेच. आत्यांनी तिचं नाव अंबिका ठेवलं. त्यांच्या हातांची थरथर गेली नव्हती, आता जाणारही नव्हती, म्हणून बाळाला न्हाऊ घालायला त्या धजत नसत, नुसत्या जवळ बसून राहत. पण बारशाला त्यांनी सोनाराकडून एक वस्तू करून आणली. बाळाच्या मनगट्या, काळे मणी, आणि उजव्या हाताच्या मनगटीत मधोमध एक सोन्याचा मणी.

कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण सकाळी जाग आली की मी आधी मुलीच्या तोंडाकडे बघत नसे, त्या मण्याकडे बघत असे. एकदा मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते, तेव्हा आत्या दबकत आल्या, मूठ अलगद उघडली, मणी उजेडाकडे फिरवून पाहिला आणि तशाच परत गेल्या. मग आम्ही एकमेकींना लपवायचं सोडून दिलं. देवघराची खिडकी आम्ही नवरात्रापासून कधी लावलीच नव्हती, बाळंतिणीच्या खोलीचीही नाही. थंडी वाजली तर आणखी एक गोधडी घ्यायची, पण खिडकी उघडी. पारा भिंतीच्या गिलाव्यात मुरतो आणि महिनोन् महिने परत निघत राहतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. त्याला वाराच औषध.

पौषातल्या एका सकाळी आत्यांनी मला हाक मारली नाही, नुसता खांद्याला हात लावला. अंबिका झोपली होती. त्यांनी तिचा हात माझ्यापुढे धरला. मण्याच्या एका अंगाला पांढरा ठिपका होता.

मी तो ओला केला, पुसला, घासला. बाळ कुरकुरलं. ठिपका तसाच राहिला.

गहिनी चप्पल न घालताच निघाला, जिल्ह्याच्या गावी एक यंत्र होतं, ते मिळतं का बघायला. तो गेला आणि मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर लोचनाकाकूंची चूल पेटली होती, पण तिचा धूर वर जात नव्हता. छपराच्या उंचीपर्यंत चढून तो तिथेच आडवा होत होता, पांघरूण घातल्यासारखा, आणि तसाच आळीभर पसरला होता. थंडीत असं होतं. जमिनीलगतची गार हवा जड होऊन बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि खालचं काही वर जात नाही. मी हे कॉलेजात शिकले होते. आभाळ मोठं असतं, पण अशा सकाळी ते आमच्या छपरांएवढंच होतं, आणि त्याच्याखाली शिवारभर पुरुषभर उंचीचा जोंधळा उभा होता.

पारा भिंतीतून येत असेल, तर खिडकी उघडी हवी. रानातून येत असेल, तर बंद हवी. दोन्हींतलं एक खरं होतं, आणि कुठलं ते सांगणारं आमच्याकडे त्या एका मण्याखेरीज काही नव्हतं. मणी फक्त 'आहे' म्हणत होता, 'कुठून' ते सांगत नव्हता.

आत्या खिडकीशी गेल्या. एक हात त्यांनी कडीवर ठेवला. तो थरथरत होता, कडी खुळखुळत होती.

"ऋतुजा," त्या म्हणाल्या, "तू शिकलीस. सांग. उघडी ठिवू का लावू?"

मी बाळाला जवळ घेतलं आणि मनगटीतला मणी पुन्हा उजेडाकडे फिरवला. माझ्या मांडीवर अंबिकाने झोपेत एक मोठा श्वास घेतला.